भाऊ, वाण मिळालं. आता कामाचं बोला

पुणे, 11 जानेवारी 2026

माननीय (भावी) नगरसेवक भाऊ यांस,


आपल्या प्रभागातल्या समस्त आयांच्या वतीने पत्र लिहिण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पण 'तमाम माता-भगिनींचा भक्कम पाठिंबा' हे वाक्य तुम्ही आम्हाला न विचारता पत्रकावर छापलंत. तेव्हा न विचारता दुसऱ्याच्या वतीने बोलायची प्रथा तुम्हीच पाडली आहे असं धरून मी ती पुढे चालवते.

पत्रक छान झालं आहे. फोटोत तुम्ही एका आजींच्या पाया पडताय, दुसऱ्या हाताने मोबाइल धरलाय. दिवाळीच्या फलकावर तुमच्या गळ्यात वेगळ्या रंगाचं उपरणं होतं, आता वेगळं आहे. 'निष्ठावंत' हा शब्द मात्र दोन्हीकडे कायम ठेवलात, हे आवडलं. निष्ठा असावी, कुणावर ते परिस्थितीनुसार ठरवावं.

आता तुमच्या हळदीकुंकवाबद्दल. संक्रांत 14 जानेवारीला. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करायचं, म्हणजे यंदा 25 तारखेपर्यंत भरपूर सवड होती. तुम्ही संक्रांतीच्या दहा दिवस आधीच उरकलंत. पण मतदान 15 ला आणि निकाल 16 ला असल्यावर मुहूर्त काढायचा अधिकार पंचांगाकडून उमेदवाराकडे जात असावा. वाण म्हणून मिळालेला स्टीलचा डबा घट्ट झाकणाचा आहे. झाकणावर तुमचा हसरा फोटो आहे. मुलाने तो शाळेत नेला की मधल्या सुट्टीत चौथीच्या वर्गातही तुमचा प्रचार होईल, ही योजना फक्त तुम्हालाच सुचू शकते.

'खेळ पैठणीचा'ही रंगला. नवऱ्याचं नाव घेण्यासाठी जन्माला आलेल्या उखाण्यात तुमचं निवडणूक चिन्ह बसवून दाखवणाऱ्या निवेदकाला माझा साष्टांग नमस्कार. पलीकडच्या जोशीकाकू तर इतक्या गांगरल्या की नवऱ्याचं नाव आणि तुमचं चिन्ह यांची अदलाबदल झाली. काका अजून बोलत नाहीत.

तक्रार नाही, थोडी खंत आहे. आपल्याच शहरात कुणी लकी ड्रॉमध्ये 1,100 चौरस फुटांचे भूखंड ठेवले, कुणी जोडप्यांना थायलंडची सहल, कुणी मोटारी, अशा बातम्या आल्या. त्या वाचल्यावर डब्याकडे बघवेना. आमच्या प्रभागातल्या आयांचा बाजारभाव इतका कमी का, याचा खुलासा व्हावा.

पत्रकाच्या दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत आहे: 'लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा 1,500 रुपये.' या पैशांची मी चेष्टा करणार नाही. आमच्या सोसायटीत चार घरी काम करणाऱ्या ताईंच्या मुलीची शिकवणीची फी त्यातून जाते. ई-केवायसीच्या वेळी नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक लागत होता आणि ओटीपी काही येत नव्हता. त्यांनी कामावर खाडे करून ते निस्तरलं, तेव्हा तुमचा कार्यकर्ता कुठे दिसला नव्हता. पण योजना राज्य सरकारची आहे, जुलै 2024 पासूनची. तिच्यात महापालिकेचा छदाम नाही आणि तुमचा तर नाहीच नाही. विधानसभेच्या वेळी एका बाजूने 2,100 चा आकडा लावला, दुसऱ्या बाजूने 3,000 चा. 2,100 वाले निवडून आले आणि खात्यात अजून 1,500 च उतरतात. ज्या पैशांशी तुमचा काही संबंध नाही ते तुमच्या पत्रकावर छापलेत. मग न आलेल्या 600 चं श्रेयही तुम्हीच घ्यायला हवं.

सोसायटीच्या बैठकीत मी तुम्हाला शाळेतल्या अंड्याबद्दल विचारलं होतं, आठवतं का? शालेय पोषण आहारात नोव्हेंबर 2023 पासून मुलांना आठवड्याला एक अंडं मिळू लागलं. नको असेल त्याला केळं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा वेगळा निधी थांबवला आणि शाळांना सांगितलं, अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला तांदूळ सोडून उरलेल्या खर्चासाठी 6 रुपये 78 पैसे धरले जातात. त्यात डाळ, तेल, भाजी, मसाला, इंधन सगळं आलं. अंडं कुठे बसवायचं ते मुख्याध्यापिकाबाईंना विचारा. तुम्ही हात जोडून म्हणालात, "ताई, तो राज्याचा विषय आहे. आपल्या अखत्यारीत येत नाही."

वा! 1,500 वाटताना राज्य सरकार आणि तुम्ही एकाच पंगतीला, अंडं काढून घेताना तुमची पंगत वेगळी. एवढ्या सुबक अखत्यारीचा आम्हा आयांना हेवा वाटतो. आम्हाला ती कधी लाभली नाही. मुलाला पहाटे तीनला ताप आला तर "हा विषय त्याच्या वडिलांच्या अखत्यारीत आहे" असं सांगून कूस बदलता येत नाही.

म्हणून आता फक्त तुमच्या अखत्यारीतलंच विचारते.

पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर आजपर्यंत प्रशासक. त्या महिन्यात जन्मलेलं मूल आता बालवाडीत गाणी म्हणतं आणि त्याने नगरसेवक कधी पाहिलेला नाही. या काळात शहरात काय काय झालं? एकच सांगते. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात, गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. धडधाकट माणसाच्या हातापायांतलं बळ जातं, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. त्यांत लहान मुलंही होती. संशय दूषित पाण्यावर होता. नांदेड आणि किरकटवाडी 2021 मध्ये महापालिकेत आली. हद्दीचा फलक ताबडतोब आला. शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी नाही आलं, विहिरीचंच पाणी क्लोरीन टाकून नळाला सोडलं जात होतं. त्या महिन्यात पुण्यातल्या आया पातेली भरभरून पाणी उकळत होत्या आणि आज टँकर कुठून भरून आला, हे टँकरवाल्याला विचारत होत्या. नगरसेवकाला विचारता येत नव्हतं, कारण तो नव्हता.

तुम्ही म्हणाल, "तेव्हा मी पदावर नव्हतो." बरोबर. पण चौकातल्या फलकावर तेव्हाही तुम्ही 'कार्यसम्राट' होतात. वाढदिवसाला क्रेनने हार घातला गेला. क्रेन मिळत होती म्हणजे अगदीच हतबल नव्हतात.

आता पद मिळणार, तर एक अडचण आधीच सोडवू. 41 प्रभाग, 165 नगरसेवक. एका प्रभागात पाच, बाकी सगळीकडे चार-चार. आम्ही अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची. याचा फायदा मी शेजारच्या मावशींकडून ऐकला आहे. त्या मागच्या वेळच्या चौघांकडे तुंबलेल्या ड्रेनेजसाठी जाऊन आल्या होत्या. 'अ'ने सांगितलं, ती गल्ली 'ब' बघतो. 'ब' म्हणाला, निधी 'क'ने घेतला. 'क' गावाला गेला होता. 'ड' म्हणजे ताई, त्यांच्या पत्रकावर पतिराजांचा मोबाइल क्रमांक. पतिराज म्हणाले, "मॅडम कार्यक्रमात आहेत, माझ्याशीच बोला." पुढे ड्रेनेजचं झाकण एकदाचं बसलं. उद्घाटनाला मात्र चौघेही हजर, पाचवे पतिराज.

निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत याचा आम्हाला आनंद आहे. तुमच्या पॅनेलमधल्या दोघी ताईंचा आवाज एकदा ध्वनिक्षेपकावर ऐकायला मिळाला तर तो आनंद वाढेल. आतापर्यंत त्यांनी फक्त हात जोडले आहेत. बोलण्याचं काम त्यांच्या वतीने तुम्हीच करताय.

ध्वनिक्षेपकावरून आठवलं. दहावीची परीक्षा 20 फेब्रुवारीला सुरू होते, बारावीची त्याआधीच 10 तारखेला. घरोघरी सराव परीक्षांचा अभ्यास चालू असताना तुमची रिक्षा दर वीस मिनिटांनी येते आणि पाळण्याच्या चालीवर तुमचं चिन्ह गाते. शेजारच्या बारावीतल्या मुलाने परवा रसायनशास्त्राच्या वहीत एका समीकरणाखाली तुमचं चिन्ह काढून ठेवलं. तुमचा प्रचार रुजतो आहे, हे कळवायला हवं होतं.

तर आमच्या मागण्या. घाबरू नका, भूखंड मागत नाही.

पहिली: पाणी. प्रभागात कुठल्या टाकीतून येतं, कधी तपासलं, तपासणीत काय निघालं, हे दर महिन्याला प्रत्येक सोसायटीच्या आणि वस्तीच्या फलकावर लागावं. तुमच्या वाढदिवसाचा फलक जिथे लागतो, तीच जागा चालेल.

दुसरी: पदपथ. शाळेपासून घरापर्यंत आठ वर्षांचं मूल एकटं चालत येईल असा. वरून टाइल्स आणि खालून खड्डा असा नको.

तिसरी: पाळणाघर. अंगणवाडी काही तासांत सुटते. धुणीभांडी करणारी, इमारतीवर विटा वाहणारी आई त्या वेळेत घरी परतत नाही. मग तान्हं बाळ सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर आणि बहिणीची शाळा बुडालेली. महापालिकेच्या इमारतींतल्या रिकाम्या खोल्यांची यादी करा. बाकीचं आम्ही सुचवू.

चौथी: बस. कुणी म्हणतंय मेट्रो आणि बस फुकट करू. जून 2025 मध्ये बसचं किमान तिकीट 5 वरून 10 रुपये झालं, तेव्हा बायकांच्या पिशवीला भोक पडलं हे खरं. पण फुकट बसमध्ये चढायलाही आधी बस यावी लागते. पाळणाघर सहाला बंद होतं. बस कधी येते ते थांब्यावरच्या कुत्र्यालाही सांगता येत नाही.

पाचवी: हिशेब. प्रभागातल्या कामांसाठी नगरसेवकाच्या हाती जो निधी येतो, ज्याला आपल्याकडे 'स' यादी म्हणतात, तो आजवर बाकडी, बादल्या, कापडी पिशव्या आणि 'संकल्पना: अमुक तमुक' अशा पाट्यांवर किती गेला आणि शाळेच्या स्वच्छतागृहावर किती, ते मांडा. एका भिंतीवर एकाच माणसाची तीन वेळा संकल्पना आम्ही पाहिली आहे. भिंतीला रंग मात्र एकदाच लागला होता.

यातलं काहीही आम्हाला हातात द्यायचं नाही, म्हणून तुम्हाला ते अवघड जाणार, याची कल्पना आहे. डबा देताना फोटो निघतो. स्वच्छ पाणी नळातून येताना कुणाचा हसरा चेहरा दिसत नाही. पण महानगरपालिका अधिनियमाच्या 63व्या कलमात पालिकेची बंधनकारक कर्तव्यं लिहिली आहेत: पाणी, गटारं, रस्ते, दिवे, प्राथमिक शिक्षण. मी यादी तपासली, डबे आणि पैठण्या कुठेच सापडल्या नाहीत. त्याच कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. मतदारांना एकत्र बोलावून त्यांचं ऐकायचं, अशी ती विलक्षण कल्पना. निकालानंतर रथसप्तमीपर्यंत नऊ दिवस उरतात. तेवढ्यात एक सभा घ्या. सत्कार, हार, निवेदक नको. चौघांनी यायचं, पतिराजांनी प्रेक्षकांत बसायचं. अ, ब, क, ड यांनी एकेक करून सांगायचं: पाणी कुणाकडे, शाळा कुणाकडे, ड्रेनेज कुणाकडे, पदपथ कुणाकडे. ते कागदावर लिहायचं, खाली सही करायची. डब्यावरचा फोटो आम्ही घासून काढू, सही काढणार नाही.

तुमचे कार्यकर्ते घरोघर सांगून गेले आहेत की 'पॅनेल टू पॅनेल' मत द्या, फार विचार करत बसू नका. निरोप पोचला. चार बटणं आहेत, चार वेळा विचार करू. विरोधी पॅनेललाही हेच पत्र देणार आहे, फक्त उपरण्याचा रंग बदलून. तुमच्या बाबतीत तोही बदलावा लागला नसता, दिवाळीचंच उपरणं ठेवलं असतंत तर.

आपली नम्र,
प्रभागातली एक आई
(मतदार यादीत नाव आहे, खात्री केली आहे)

ता. क.: तुमच्या प्रचार कार्यालयाचा मंडप शाळेच्या फाटकासमोरच्या पदपथावर आहे. मुलं रस्त्यावरून चालतात. तो काढायला निवडून यावं लागत नाही.