सही आमचीच लागते

मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या जुन्नरकराला अभिमान दोन गोष्टींचा: शिवनेरीचा आणि सातबारावरच्या आपल्या नावाचा. दोन्हींसाठी त्याने स्वतः काही केलेले नसते. पिंपरी पेंढारच्या शिवारात यंदा कांदा कोणी लावला, उसाला तोड कधी मिळाली, कालव्याच्या पाळीसाठी कोण कोणाशी भांडले, यातले काहीही ठाऊक नसले तरी चालते. मोजणीच्या अर्जावर, मोटारीच्या वीजजोडणीवर, सोसायटीच्या कागदावर सही मात्र आमचीच लागते, आणि ती लागते याचे मनातून बरे वाटते. गावाकडच्या भावा-पुतण्याला मुखत्यारपत्र करून द्यायची वेळ आली की आपण जी टाळाटाळ करतो, तिला आपण सावधपणा म्हणतो. माझ्या मते तो सावधपणा नसून तोरा असतो. हे मी या विषयातला जाणकार म्हणून सांगतो. माझी स्वतःची सही इतकी वळणदार आहे की तिच्यावाचून सरकारी कागदाला शोभा कशी येणार, ही चिंता मला खरोखर वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: 'विश्वास कोणावर ठेवायचा? उद्या रान विकून बसला म्हणजे?' आक्षेप पोकळ नाही. खोट्या मुखत्यारपत्रांवर जमिनी लाटल्याचे खटले कोर्टात पडून आहेतच. पण जरा हिशेब मांडू. हा पट्टा बिबट्याचा. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र काही हौसेने उभारलेले नाही. पिंपरी पेंढारच्या शिवारातच २०२४ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली. शेतीची वीज रात्रीची आली की एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून उसाच्या कडेने मोटार चालू करायला जातो तो हाच पुतण्या. त्याच्या जिवाची जोखीम आपल्याला चालते, आपल्या सहीची चालत नाही! शिवाय कायदा इतका भाबडा नाही. सगळ्या अधिकारांचे कुलमुखत्यारपत्र द्यायलाच हवे असे नाही. ठरावीक कामापुरते खास मुखत्यारपत्र देता येते. विकण्या-गहाण ठेवण्याचा अधिकार लिहिलाच नाही, तर तो मिळत नाही. दुय्यम निबंधकासमोर नोंदवले की फोटो आणि अंगठे दोन्ही लागतात. मन फिरले तर रीतसर कळवून ते रद्दही करता येते. नुसत्या मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात बजावले आहे. आणि २००४ च्या एका निकालात हेही ठरले, की जे फक्त मालकालाच ठाऊक आहे त्याची साक्ष मुखत्याराने मालकाऐवजी द्यायची नाही. म्हणजे लिहून दिले तर मुखत्यार तुमचे रान विकू शकेल, पण तुमच्याऐवजी आठवू शकणार नाही. अहंकाराला आणखी काय हवे?

खरे तर या बाबतीत मराठी माणसाने लाजण्याचे कारणच नाही, कारण इतिहासातले सर्वांत झकास मुखत्यारपत्र आपल्याच नावावर आहे. १७८४ मध्ये दिल्लीचा बादशहा शाह आलम याने पेशव्यांना वकील-इ-मुतलक, म्हणजे आपल्या साऱ्या कारभाराचा मुखत्यार नेमले. सवाई माधवराव तेव्हा दहा वर्षांचे. मुखत्यार अज्ञान, म्हणून त्याचा नायब महादजी शिंदे; आणि अज्ञान मुखत्याराचा पुण्यातला कारभार बघायला नाना फडणवीस. चार वर्षांनी रोहिला सरदार गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले आणि नायबानेच मालकाला पुन्हा गादीवर बसवले. १७९२ मध्ये महादजी फर्मान आणि मानाची वस्त्रे घेऊन पुण्यात आले, तेव्हा हा मान घ्यावा की नाही यावरून नानांनी खळखळ केली. उत्तर हिंदुस्थान मुठीत असलेला महादजींसारखा माणूस स्वतःला पाटील म्हणवून घेई, आणि दरबारात त्याने पेशव्यांपुढे त्यांचे जोडे ठेवल्याची गोष्ट सांगतात. मला हे प्रकरण फार आवडते, इतके की मूळ विषय राहतो बाजूला. आजच्या निबंधकासमोर हा दस्त टिकलाच नसता: करार कायद्याचे कलम १९० सांगते, की स्वतः करायचे काम मुखत्याराने सहसा तिसऱ्याच्या गळ्यात घालू नये. पण बघण्यासारखे हे, की मालक आंधळा, मुखत्यार पोर, आणि तरी कामे झाली, कारण जो प्रत्यक्ष जागेवर होता त्याच्या हाती अधिकार होता.

दुसरा आक्षेप मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. 'आत्ता हातपाय धड आहेत. अंथरुणाला खिळलो की बघू.' नुसते अंथरूण असेल तर ठीक. आजारी माणसाला नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे निबंधकाकडे जाण्याची सक्ती नसते, तोच घरी येऊ शकतो. पण करार कायदा, १८७२, कलम २०१: मालक वारला किंवा त्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही, की मुखत्यारी संपली. पाऊस सुरू होताच आपोआप मिटणारी ही छत्री आहे. म्हातारी आई पोटच्या मुलाला 'तू कोणाचा रे?' विचारू लागली, की तिने शहाणपणाने करून ठेवलेला कागदही निकामी. मग तिच्या औषधासाठी तिचेच पैसे काढायला कोर्टाच्या पायऱ्या. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाच्या मिळकतीची काही व्यवस्था होती. २०१७ च्या नव्या कायद्यात तीही गेली, म्हणून लोकांना उच्च न्यायालय गाठावे लागते. इंग्लंडने १९८५ मध्येच, बुद्धी गेल्यावरही टिकेल असे मुखत्यारपत्र काढले आणि २००७ पासून त्याची सुधारलेली आवृत्ती चालवली. आपण त्यांचा १८७२ चा कायदा जपून ठेवला आणि त्यांनी स्वतःसाठी केलेली दुरुस्ती तिकडेच राहू दिली. याचा मला संताप येतो.

'मग उपयोगच काय?' उपयोग आहे, कारण गुडघे आधी जातात, डोक्याचा नंबर बहुधा पुष्कळ नंतर लागतो. मधली वर्षे लांबलचक असतात, आणि सामाईक खात्याची वाटणी, बँकेत जोडनाव, मृत्युपत्र ही मुखत्यारी संपल्यावरही टिकणारी कामे शुद्धीत असताना उरकायला तीच पुरतात. तेव्हा मसुदा असा असावा: मोजणी, वीजजोडणी, पीकविमा आणि तलाठ्याकडचे अर्ज पुतण्याकडे, विक्री, गहाण आणि बक्षीस आमच्याकडे. माझी हरकत उरते ती एकाच बाबीला. 'लिहून देणार' या शब्दांपुढे नुसते नाव, वय आणि 'धंदा: काही नाही' असे लिहायची रीत आहे; तिथे निदान 'प्रतिष्ठित' हा शब्द बसतो का, ते वकिलांना विचारावे.