गार असताना गुणी

फोर्डचा सुपर ड्यूटी पिकअप ट्रक आणि त्यातलं २००३ ते २००७ या काळातलं सहा लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिन या जोडीने अमेरिकेतल्या कितीतरी गॅरेजवाल्यांची पोरं शिकवली असतील. तिची एक तक्रार प्रसिद्ध आहे. सकाळी गारठ्यात ट्रक पहिल्याच सेल्फला चालू होतो, तासभर पळतो, मागचा ट्रेलर निमूट ओढतो. पंपावर थांबून डिझेल भरावं आणि किल्ली फिरवावी, तर नुसतं घुर्र घुर्र. गार होऊ दिला की पुन्हा काही घडलंच नाही अशा थाटात चालू. यावरून मालकांनी ठरवून टाकलं की ट्रक लहरी आहे. मला तसं वाटत नाही. हे इंजिन फार सरळ आहे. आपल्याला काय होतंय ते आकड्यांत सांगतं. मात्र त्याला विचारायच्या आधीच लोक पाना आणि पाकीट दोन्ही बाहेर काढतात.

मुळात या इंजिनात इंजिन ऑइलला दोन नोकऱ्या आहेत. वंगण म्हणून जन्म काढायचा तो काढायचाच, शिवाय इंजेक्टरही चालवायचे. ऑइल आधी साध्या पंपाने वर येतं. तिथून जास्त दाबाचा दुसरा पंप ते इंजेक्टरकडे ढकलतो. प्रत्येक इंजेक्टरमध्ये एक पिस्टन असतो, वरून रुंद आणि खालून अरुंद. ऑइल रुंद डोक्यावर दाबतं आणि अरुंद टोकाखालच्या डिझेलचा दाब सुमारे सातपट होतो. म्हणजे ऑइल साडेतीन हजार पीएसआयला पोचलं की डिझेल पंचवीस हजारांच्या आसपास; कारच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस भरतो. कल्पना कॅटरपिलर आणि नेव्हिस्टार यांची. फोर्डच्या ट्रकांत ती १९९४च्या ७.३ लिटर इंजिनापासून आली, आणि कल्पना म्हणून ती झकासच आहे, कारण फवाऱ्याचा दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून राहत नाही. अट एकच: चालू होताना ऑइलचा दाब साधारण पाचशेपर्यंत चढला पाहिजे. चारशेवर अडकला तर कॉम्प्युटर इंजेक्टरला हुकूमच सोडत नाही. त्यामुळे तीन टनांचं धूड ऑइलच्या वाटेवरच्या एका गळक्या ओ-रिंगपायी रस्त्यात उभं राहू शकतं. गार ऑइल दाट असतं, झिजलेल्या ओ-रिंगपाशीही तग धरतं. तापलं की पातळ होऊन निसटतं. लहरीपणाची गोष्ट एवढीच.

आता रिवाज पाहा. गाडी चालू होत नाही, बदला डिझेल फिल्टर. नाही जमलं, बॅटऱ्या. या ट्रकला त्या दोन लागतात, म्हणजे खर्चही दुप्पट. तरी नाही, मग पंप. हा पंप इंजिनाच्या मागच्या खाचेत, टर्बो आणि इनटेक यांच्या खाली दडलेला असतो, त्यामुळे त्याला हात लावायचा तर अर्धं इंजिन उघडावं लागतं. पंप बदलूनही ट्रक गरम असताना रुसतोच, मग आठ इंजेक्टर. आमटीत मीठ कमी लागलं म्हणून आधी आचारी बदलावा आणि मग पातेली, तशातली ही तऱ्हा. खरं तर सेल्फ मारताना स्कॅनरवर दोनच आकडे बघायचे असतात. पहिला ऑइलचा दाब, तो आयसीपी सेन्सर सांगतो. दुसरा आयपीआर नावाच्या व्हॉल्व्हचा टक्का. जादा ऑइल परत सोडणारी वाट हा व्हॉल्व्ह राखतो. टक्का जितका जास्त तितकी वाट बंद. नुसती किल्ली फिरवून ठेवली तर तो पंधराच्या आसपास असतो. सेल्फ मारल्यावर टक्का पंच्याऐंशीला जाऊन टेकला आणि दाब दोन-अडीचशेवरच घुटमळला, तर कॉम्प्युटर सगळी दारं लावून बसलाय आणि ऑइल तरीही कुठूनतरी पळतंय, किंवा पंपालाच दम नाही. कुठून, ते हवा सांगते. आयसीपी सेन्सर काढून त्या भोकातून कम्प्रेसरची हवा सोडायची, आयपीआरला बॅटरीचा करंट देऊन तो बंद ठेवायचा, आणि ऑइल भरायचं झाकण उघडून कान लावायचा. फुसफुस व्हॉल्व्ह कव्हरखालून आली तर इंजेक्टरकडे ऑइल नेणाऱ्या उभ्या नळ्यांच्या ओ-रिंग किंवा इंजेक्टर. मागून, पंपाकडून आली तर २००५पासूनच्या इंजिनांत बहुतेक वेळा पंपावरचं कुप्रसिद्ध झटपट बसणारं फिटिंग.

यावर जुना फिटर म्हणेल, स्कॅनर कशाला, आम्ही आवाजावरून सांगतो. कानाबद्दल मला पूर्ण आदर आहे, वरच्या परीक्षेत शेवटचा निकाल तोच देतो. पण हवा सोडायची वेळ आली आहे हे कानाला कळत नाही, ते आकड्याला कळतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सेन्सरच खोटं बोलला तर? बोलतो ना. त्याच्या प्लगमध्ये ऑइल उतरलेलं सापडतं, तेव्हा तर हमखास. म्हणूनच साक्षीदार दोन घ्यायचे. एकाची साक्ष दुसऱ्याशी जुळली नाही की सेन्सरचा प्लग काढून टाकायचा. कॉम्प्युटर मग अंदाजाने काम चालवतो. तसा ट्रक चालू झाला, तर खोटारडा कोण ते कळलं, आणि तेही फुकटात. दाब भरपूर असून ट्रक गप्पच असेल, तर ऑइलचा पिच्छा सोडून इंजेक्टरच्या कंट्रोल मॉड्यूलकडे वळायचं. त्याने अठ्ठेचाळीस व्होल्ट द्यायला हवेत. आकड्याची खरी किंमत इथे आहे. पंप निर्दोष आहे हेही तो सांगतो. नवा पंप बसवून हे कळतं, पण फार महागात.

काही मालक इंजिनावर गार पाणी ओततात आणि ट्रक चालू होतो. हा उपाय नव्हे, पण निदान म्हणून उत्तम आहे: गारव्याने ऑइल दाटलं, गळती मंदावली. पंचाईत अशी, की ट्रक चालू झाल्याच्या आनंदात मालक निदान तिथेच टाकून निघतो आणि पुढच्या पंपावर पुन्हा बादली मागतो.

आणि सगळा दोष कंपनीचाच, मग आपण एवढी माथेफोड का करायची? दोष कुणाचा यावर फोर्ड आणि नेव्हिस्टार स्वतःच २००७मध्ये कोर्टात गेले आणि २००९मध्ये आपापसांत मिटवून मोकळे झाले. त्याने एकाही ट्रकचा दाब वाढला नाही. (नेव्हिस्टारने महिंद्राबरोबर चाकणला ट्रक काढले, त्यांना ऑइलच्या दाबावर न चालणारी कॉमन रेल मिळाली; आपल्याकडचे फिटर एका मोठ्या करमणुकीला मुकले.) दोष कंपनीचा असला तरी गळती आपल्याच ट्रकात आहे. ती एका बाजूच्या नळीत सापडली, तर इंजिन उघडलंच आहे म्हणून दुसऱ्या बाजूच्याही ओ-रिंग त्याच वेळी बदलून घ्याव्यात. नाहीतर ती बाजू तुम्ही बिल चुकतं करून घरी पोचेपर्यंत तेवढी वाट बघते.