टेप लावा, इंजिन वाचवा

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की सुजाण मोटारमालकाला पहिल्यांदा काय आठवतं? मेकॅनिक नव्हे. मॅन्युअल तर नव्हेच. ते ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद असतं आणि गाडी विकताना ‘बघा, पिशवीसुद्धा फोडलेली नाही’ असं अभिमानानं दाखवायला राखून ठेवायचं असतं. त्याला आठवते काळी टेप. इलेक्ट्रिशियनकडची, वायरीला गुंडाळायची. नखाएवढा तुकडा दातानं तोडायचा, दिव्यावर चिकटवायचा, अंगठ्यानं दाबायचा. इंजिन दुरुस्त.

यातही कसब आहे, कुणी हलक्यात घेऊ नये. पॅकिंगची खाकी टेप चालत नाही, तिच्यातून उजेड येतो. टिकली चालते, पण मरून रंगाचीच, आणि उन्हात गाडी उभी राहिली की डिंक सुटून ती थेट वेगाच्या आकड्यावर घसरते. हौशी मंडळी गणपतीचं छोटं स्टिकर लावतात. त्यामुळे दिवा झाकला जातो आणि रात्री देवाच्या मागे पिवळी प्रभावळही दिसते. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना ती प्रभावळसुद्धा खुपायला लागली, म्हणून त्यांनी टेपवर टेप असे थर चढवले. नव्या गाड्यांत मीटरच्या जागी सगळा पडदाच असतो आणि दिव्याच्या शेजारीच पेट्रोलचा काटा. टेप सरकत सरकत काट्याच्या खालच्या टोकावर गेली. बोरघाटात, ऐन चढावर, गाडी थांबली. मागे ट्रकांची रांग, पुढे सहकुटुंब सहपरिवार हे गृहस्थ, आणि त्यांचा ठाम निष्कर्ष असा, की पंपवाले हल्ली मापात मारतात! टेप अजून जागेवर आहे. आता तिच्या शेजारी आणखी एक छोटा तुकडा आहे, कारण पेट्रोलचाही दिवा लागायला लागला होता.

गॅरेजवाला या विषयातला अधिकारी पुरुष. तो बॉनेट उघडत नाही, खिडकीतूनच डोकावतो. “सेन्सरचं आहे साहेब. चालवा बिनधास्त.” इंजिन फुटलं तरी सेन्सर, टायर पंक्चर झाला तरी बहुधा सेन्सरच. साहेबांनी फारच आग्रह धरला, तर तो बॅटरीचं टर्मिनल काढतो, बिडी संपेपर्यंत थांबतो आणि परत लावतो. दिवा गेलेला असतो. घड्याळ शून्यावर आलेलं असतं, रेडिओची स्टेशनं पुसलेली असतात, पण दिवा गेलेला असतो. साहेब खूश होऊन दोनशे रुपये देतात. आठवडाभरात दिवा परत येतो, कारण बिघाड कुठेच गेलेला नव्हता. गेली होती ती फक्त गाडीच्या कॉम्प्युटरनं लिहून ठेवलेली नोंद.

ही नोंद म्हणजे काही ब्रह्मज्ञान नव्हे. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या नव्या मोटारींना स्वतःचं दुखणं स्वतः ओळखून लिहून ठेवायची सक्ती आहे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला स्कॅनर लावला की कोड दिसतो. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. पी-०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर पुरेसा साफ करत नाही. कधी कारण अगदी घरगुती निघतं: पावसाळ्यात उबेला आलेल्या उंदरानं वायर कुरतडलेली असते. डॅशबोर्डवर बाप्पा, बॉनेटखाली बाप्पांचं वाहन. कोडवरून लगेच पार्ट बदलायचा नसतो, कुठे शोधायचं ते कळतं. पण तेवढं कळायला पाच मिनिटं पुरतात.

आता माझा खरा राग. तोही त्या गृहस्थांवर नाही, गाडी बनवणाऱ्यांवर आहे. दहा इंची पडदा देता. त्यावर गाणी लागतात, नकाशा येतो, बाहेर किती ऊन आहे ते कळतं, मागच्या सीटवर कुणाचा पट्टा लावायचा राहिलाय ते कळतं. छत उघड म्हटलं की छत उघडतं. आणि इंजिन बिघडलं की? नळ आहे, पाण्याचा पंप आहे की हेलिकॉप्टर आहे याचा पत्ता लागू नये असं एक चित्र. बस्स! अहो, कोड त्याच गाडीच्या पोटात लिहिलेला आहे. तोच पडदा, तीच वीज, तीच बॅटरी. ‘पहिल्या सिलिंडरचा स्पार्क प्लग किंवा कॉइल तपासा’ एवढी ओळ त्या पडद्यावर मराठीतून, नाहीतर निदान हिंदीतून, उमटवायला कुणाच्या तीर्थरूपांचं काय जातं? जातं हो. ओळ दिसली तर गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जाईल. चित्र दिसलं तर सर्व्हिस सेंटरमध्ये येईल, तिथे गळ्यात पट्टा घातलेला मुलगा टॅबलेटवर ‘डायग्नोसिस चार्ज’ लावील, कॉफीच्या मशीनची कॉफी पाजील आणि संध्याकाळी फोन करून सांगेल, “सर, सेन्सरचं होतं.” म्हणजे गॅरेजवाला दोनशे रुपयांत बोलला तेच, जीएसटीसकट. असल्या दारात दोनदा जाऊन आलेल्या माणसानं टेपचं रीळ विकत घेतलं, तर त्याला हसायचा मला काय अधिकार?

पण दिवा लुकलुकत असेल तर मात्र हसू येत नाही. नुसता पिवळा, स्थिर दिवा म्हणजे घाई नाही. गाडी नेहमीसारखी पळत असेल तर सावकाश घरी न्या, दोन-चार दिवसांत दाखवून घ्या. तांबडा दिवा, ऑइलचा किंवा टेंपरेचरचा, म्हणजे बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. आणि हाच पिवळा दिवा लुकलुकायला लागला, तर एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरच्या वाटेनं निघालेलं असतं आणि तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असतं. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर दिलेली सिरॅमिकची जाळी असते, ती वितळते. काही शे रुपयांच्या स्पार्क प्लगपायी हजारोंचा कन्व्हर्टर जातो, आणि तो जाईपर्यंत तुमच्या मागे सिग्नलला स्कूटरवर पुढे उभं राहिलेलं शाळेचं पोर ते सगळं नाकानं घेत असतं. त्याच्या नाकाला लावायची टेप अजून बाजारात आलेली नाही.

त्या पोराची काळजी घ्यायला पीयूसी आहे, असं तुम्ही म्हणाल. आहे ना! पंपाच्या कोपऱ्यात पत्र्याची टपरी, आत प्रिंटर. मुलगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो, कागद देतो. कागद नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड आहे, त्यामुळे कागद सगळ्यांकडे असतो. काम मागच्या बाजूचं असल्यानं मुलाला पुढे येऊन डॅशबोर्ड बघायचं कारण पडत नाही. दिवा पेटलेला, टेप लावलेली, आणि काचेवर वर्षभर निष्कलंक असल्याचा दाखला. मला तर वाटतं, परिवहन खात्यानं सरळ टेपच प्रमाणित करावी. आयएसआय मार्क, क्यूआर कोड, दर वर्षी नूतनीकरण आणि टेप नसलेल्यांना दंड. महसूल तरी वाढेल.

एवढं करून ही गाडी एक दिवस विकायला निघते. विकणारा आदल्या रात्री कोड पुसतो, किंवा टेपच्या पुढची पायरी म्हणून इंजिनच्या त्या पिवळ्या दिव्याची जोडणीच काढून टाकतो. म्हणून जुनी गाडी बघायला जाल, तेव्हा सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमचं कौतुक नंतर करा. आधी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा. इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझलाच पाहिजे. चावी फिरवल्यावर तो लागलाच नाही, तर मालक कितीही सज्जन वाटो, चहा घ्या आणि टोकन न देता रिक्षानं घरी या.