बंद इंजिनाचा भाव कसा करावा

चालू न होणाऱ्या इंजिनाइतकं निर्दोष यंत्र दुसरं नाही. ते धूर सोडत नाही, तेल पीत नाही, घाटात गरम होत नाही आणि आवाज तर मुळीच करत नाही. चालू इंजिनाच्या दहा खोडी दारातूनच ऐकू येतात, बंद इंजिनाची एकही येत नाही. म्हणूनच मुंबईतल्या कुर्ल्यापासून तालुक्याच्या भंगारवाल्यापर्यंत कुठेही जा, टायरवर टेकवून ठेवलेल्या इंजिनाविषयी विक्रेता शोकसभेतल्या वक्त्यासारखा बोलतो: गुण सगळे आठवतात, अवगुण काढणं सभ्यपणाचं नसतं. अशा वेळी खरेदीदाराने काय करावं, याचं शास्त्रशुद्ध मार्गदर्शन पुढे दिलं आहे. त्याचं सार एवढंच की पैसे पुराव्याचे मोजावेत. लोखंड आणि ॲल्युमिनियम त्याच्यासोबत आपोआप घरी येतं, आणि त्याचा दर काट्यावर कळतो.

पहिली पायरी म्हणजे कथेचं मूल्यमापन. 'चालू गाडीतून काढलंय', 'डॉक्टरांची गाडी होती', 'एकाच हातात वापरलेलं', 'फक्त पन्नास हजार चाललंय' ही विधानं शांतपणे ऐकून घ्यावीत आणि त्यांच्यासमोर शून्य लिहावं. ती खोटीच असतात असं नाही, पण खरी असली तरी तपासता येत नाहीत. किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डवर असतो, आणि इंजिन डॅशबोर्ड सोडून आलेलं असतं. इंजिन नेमकं का चालू करता येत नाही, याचं कारण मात्र पुष्कळदा खरं असतं. आजकालच्या गाडीत ईसीयू आणि चावीतला इमोबिलायझर यांची ओळख पटल्याशिवाय ठिणगी पडत नाही, आणि ते दोघं मूळ गाडीतच राहिलेले असतात. पण या कारणाने इंजिन आज बंद का आहे एवढंच कळतं. सगळं जोडल्यावर ते चालेल, हे त्यातून निघत नाही. काही कथा आपण होऊन निकाल देतात. डिझेल स्विफ्टचं १२४८ सीसीचं इंजिन दाखवून कुणी 'टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय' म्हणालं, तर त्या इंजिनात टायमिंगला बेल्ट नसून चेन असते एवढं मनात म्हणावं आणि बाकीच्या कथेचा भावही त्याच दराने लावावा.

दुसरी पायरी हाताची. क्रँक पुलीच्या बोल्टला बॉक्स पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवावं. याला बॅटरी लागत नाही, वायरिंग लागत नाही, गावाला गेलेला मिस्त्री परत यावा लागत नाही. चार ठोक्यांच्या इंजिनाचं एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरं होतं. म्हणजे प्लग जागेवर असतील तर चार सिलेंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत चार वेळा आणि मारुती ८०० सारख्या तीन सिलेंडरच्या इंजिनात तीन वेळा हाताला दाब जाणवायला हवा. एक दाब कमी पडला तर एक सिलेंडर गळतोय. इंजिन कुठेच अडत नसेल तर 'किती हलकं फिरतंय बघा' या कौतुकाला मान डोलावून व्हॉल्व्हचा खर्च मांडायला घ्यावा. धातूवर धातू आपटून ते थांबलं तर जोर लावू नये, टायमिंग सुटून पिस्टन व्हॉल्व्हला भिडत असण्याची शक्यता असते. आणि ते जराही हललं नाही तर त्याला जाम म्हणतात. विक्रेता मात्र 'जरा बसलंय' म्हणतो.

इंजिन फिरलं की तिसरी पायरी. एकेका सिलेंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या ठोक्याला वर आणून क्रँक पक्का धरावा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडावी आणि कान द्यावा. इनटेककडून फुस्स झालं तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या तोंडाकडून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या झाकणातून आलं तर रिंगा किंवा बोअर, आणि पाण्याच्या वाटेत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. थोडी गळती चांगल्या इंजिनातही असते. सिलेंडरा-सिलेंडरातला मोठा फरक जास्त बोलका. मग डिपस्टिक आणि झाकण पाहावं. झाकणाखाली पातळ साय असेल तर ती थोड्या अंतराच्या फेऱ्यांत साचलेल्या वाफेचीही असू शकते. चेंबरमधलं सगळंच तेल दुधाळ असेल तर पाणी आत शिरलेलं आहे. तेलात चमचम दिसली तर ती बेअरिंगची असण्याचा संभव मोठा, आणि ती घासाघीस करून स्वच्छ होत नाही.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या परिच्छेदाला पात्र आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईभर गाड्या बुडाल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत तेच झालं. उभी गाडी बुडाली तर नुकसान गंजाचं असतं, पण पाण्यात चालू इंजिनाने घोट घेतला तर खेळ निराळा. १२०० सीसीच्या चार सिलेंडरच्या इंजिनात एका सिलेंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. दाबाचं प्रमाण दहास एक धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा जेमतेम ३३ सीसीची. पाणी दबत नाही, त्यामुळे एका कटिंग चहाहून कमी पाणी कनेक्टिंग रॉड वाकवायला पुरतं. असं इंजिन बाहेरून घासूनपुसून लख्ख केलेलं असतं. म्हणून चकाकीला भुलू नये. ब्रॅकेटच्या मागे आणि बोल्टच्या रिकाम्या भोकांत गाळ शोधावा. आठवड्यापूर्वी धुतलेल्या इंजिनाने काही लपवलं नसेलही, पण धुण्याचं बिल खरेदीदाराच्याच भावात येणार.

आता आकडेमोड. समजा, चालवून दाखवलेल्या इंजिनाचा भाव ४० हजार आहे आणि बिघडलेलं निघालं तर बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड धरून ३० हजारांचं काम आहे. म्हणजे चांगलं असेल तर ४० हजारांचं, वाईट असेल तर १० हजारांचं. शक्यता निम्मी-निम्मी मानून साधा माणूस २५ हजार देतो आणि इथेच चुकतो. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन हे दाखवलं आणि २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांत विभागलं गेलं त्यांत तो होता. आपलं इंजिन चांगलं आहे हे ज्याला पक्कं माहीत आहे, तो ते २५ हजारांना देणार नाही. आनंदाने देईल तो दुसरा. म्हणजे सरासरी भाव बोलताच चांगला माल टेबलावरून उठतो आणि निम्मी शक्यता निम्मी राहत नाही. तेव्हा सुरुवात १० हजारांनीच करावी आणि प्रत्येक तपासणी पार पडेल तशी वर जावी: हाताने फिरलं तर थोडं, चारही सिलेंडरने हवा धरली तर बरंच, तेल स्वच्छ निघालं तर आणखी. विक्रेत्याने तपासणीला नकार दिला तर तीही एक तपासणीच झाली, आणि फुकट.

यावर पहिला आक्षेप असा की विक्रेता प्रामाणिक असू शकतो. असतोही. पण सहा महिने शेडखाली पडलेल्या इंजिनाच्या बोअरमध्ये गंज चढलाय का, हे प्रामाणिक माणसालाही बाहेरून दिसत नाही. सचोटीमुळे डोळ्यांना क्ष-किरण फुटत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढं करूनही ऑइल प्रेशर कळत नाही, तापल्यावरच उघडणारी हेडची चीर दिसत नाही. हे मान्य. म्हणूनच सगळ्या परीक्षा पास झालेल्या इंजिनालाही ४० हजार देऊ नयेत. बसवण्याची मजुरी, गॅस्केट, तेल, कूलंट आणि ते फसलं तर पुन्हा उतरवण्याची मजुरी वजा करावी. तिसरा आक्षेप म्हणजे असं वागल्यास सौदे होणारच नाहीत. बरेच होणार नाहीत, आणि तो या पद्धतीचा गुण आहे. जे होतील ते 'लावून बघा, नाही चाललं तर आठ दिवसांत परत आणा' या बोलीवर आणि काही रक्कम हातची राखून होतील. त्याच वेळी इंजिन नंबर विक्रेत्याच्या कागदांशी जुळवून घ्यावा. तो पुढे आपल्या आरसीवर चढवायचा असतो, आणि घासलेला नंबर कुठल्याही आरटीओला कौतुकाचा वाटत नाही.

शेवटची पायरी पावतीची. १९३० चा माल विक्री कायदा मालाच्या दर्जाबद्दल खरेदीदाराला सावध राहायला सांगतो, पण वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे असंही सांगतो. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याला नम्रपणे एकच शब्द लिहून मागावा: 'चालू'. त्याने तो सहीनिशी लिहिला तर तपासणीत ठरलेला भाव द्यायला हरकत नाही. त्याने पेन टेकवून क्षणभर विचार केला आणि 'जुने इंजिन, १ नग, आहे तसे' असं लिहिलं, तर इंजिनाबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेल्या माणसाने आपलं मत लेखी दिलं आहे. भाव त्याच्या मतानुसार, किलोवर करावा.