एडिसनच्या मुलीचे चान्सेस

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात ऑक्टोबर लागला की मराठी माणसं एकमेकांना ‘कसं काय’ विचारायचं सोडून देतात. ‘कुठे कुठे अप्लाय करतेय?’ असं विचारतात. ज्याच्या घरी बारावीचं मूल नाही, त्याला काहीच विचारत नाहीत. त्याने आपला वडा घ्यावा आणि कोपऱ्यात बसावं.

माझी भाची त्या वर्षी बारावीत होती. मी गेलो होतो ताईकडे, बाकरवडी आणि थालीपिठाची भाजणी घेऊन. घरात भाजणीला मागणी होती, मामाला नव्हती. मोठ्याने शिंकायचीही चोरी, कारण वरच्या खोलीत निबंध लिहिणं चालू असायचं. मग एक दिवस ताईला आठवलं की हा दिवाळी अंकांत ललित लिहितो, आणि माझा भाव एकदम वधारला.

पण निबंधाआधी चान्सेस. शनिवारच्या पॉटलकमध्ये जेवणं झाली की हा सार्वजनिक कार्यक्रम सुरू होतो. मुलीला मध्ये बसवायचं, आणि हजर असलेल्या प्रत्येकाने तिला कुठे प्रवेश मिळेल ते सांगायचं. एका काकूंचा मुलगा कॉर्नेलला आहे, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा.

“वाद्य कोणतं?”

“व्हायोलिन.”

काकूंनी डोळे मिटले. “अगं, इथे प्रत्येक देशी घरात व्हायोलिन आहे. ओबो घ्यायचा. नाहीतर बसून.”

“ऑर्केस्ट्रात सगळे बसूनच वाजवतात ना?” मी विचारलं. बसून हे एक लांबलचक फुंकायचं वाद्य असतं आणि ते वाजवणारी मुलं दुर्मीळ असल्याने त्यांना भाव असतो, हे मला घरी गेल्यावर समजलं. तिथे कोणी समजावलं नाही. चान्सेसचा विषय चालू असताना हसायची पद्धत नाही.

“मेजर?”

“कॉम्प्युटर सायन्स.”

“राज्य?” हा प्रश्न न्यू जर्सीतच, त्यांच्याच बेसमेंटमध्ये बसून विचारला गेला होता.

एका काकांनी मान हलवली. भारतीय, कॉम्प्युटर सायन्स, व्हायोलिन आणि वर न्यू जर्सी. मोठ्या कॉलेजांना म्हणे देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली मुलं हवी असतात, आणि आपला कोपरा भरून वाहतोय. “वायोमिंगला असता ना, तर उचललं असतं हिला.” त्या रात्री भावजी उशिरापर्यंत लॅपटॉपवर होते. वायोमिंगमधली घरं बघत होते.

एसएटीला भाचीला १६०० पैकी १५५० होते. एवढ्या गुणांवर आमच्याकडे चौकात फ्लेक्स लागला असता. इथे काकू म्हणाल्या, “ठीक आहेत.” ठीकच असणार. २०२४ साली हार्वर्डकडे ५४ हजार अर्ज आले आणि त्यांनी घेतले १,९३७. म्हणजे शंभरात साडेतीन, आणि उरलेल्या साडेशहाण्णवांत बहुतेक आपापल्या शाळेतले हुशारच. गंमत म्हणजे ज्या आयव्ही लीगच्या आठ नावांसाठी माणसं वायोमिंगला जायला निघतात, ती लीग मुळात खेळांच्या सामन्यांसाठी बांधलेली आहे, १९५४ साली. मी हे सांगितलं तेव्हा भावजींनी विचारलं, “मग फेन्सिंग लावू का हिला?”

अर्जात उपक्रमांचे दहा रकाने असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. भाची गणपतीत ढोलपथकात ढोल वाजवते. ताईने त्याचं ‘पारंपरिक तालवाद्यांच्या माध्यमातून स्थलांतरित समाजातील युवकांचं नेतृत्व’ केलं. प्रत्यक्षात ती तिसऱ्या रांगेत उभी राहून ताशाकडे कान लावून ढोल बडवायची, आणि झकास बडवायची. पण ‘झकास’ला रकाना नाही.

शिवाय तिची एक सेवाभावी संस्था होती. त्या गल्लीतल्या प्रत्येक सतरा वर्षांच्या पोराची होती. आमच्या सोसायटीत अध्यक्ष व्हायला कोणी तयार होत नाही, शेवटी जो सभेला आलेला नसतो त्याला करून टाकतात. इथे नुसते अध्यक्ष. सभासद शोधून सापडत नव्हते, कारण सभासदाला कोणतं कॉलेज विचारणार?

मग निबंध. शब्दमर्यादा ६५०. विषय दिलेल्या यादीतून निवडायचा, आणि ताईने निवडला होता तो असा: तुमच्यावर आलेलं एखादं संकट आणि त्यातून तुम्ही काय शिकलात.

“मामा, मला काही झालंच नाहीये,” भाची म्हणाली.

आम्ही शोधलं. दातांना तारा होत्या. एकदा पोहण्याच्या शर्यतीत गॉगल सुटला होता. एक हॅमस्टर गेला होता, पण ताई म्हणाली, हॅमस्टर फार झालेत, मागच्या वर्षी दोन घरांनी वापरला. खरी संकटं सगळी मागच्या पिढीत. भाचीचे आजोबा शाळेसाठी रोज दोन गावं ओलांडून चालत जायचे.

“आजोबांची गरिबी वापरू का?”

“वापर,” मी म्हणालो, “पण परत जागेवर ठेव.”

पुढचे काही आठवडे त्या कागदावर घरातल्या प्रत्येकाने हात फिरवला. ताईने नम्रता वाढवली, भावजींनी नेतृत्व वाढवलं, मी एक पाऊस घातला. तासाला काही शे डॉलर घेणाऱ्या सल्लागारबाईंनी पाऊस काढला आणि ‘आवाज मुलीचा वाटला पाहिजे’ असा शेरा दिला. तोपर्यंत मुलीचा त्यात फक्त फाँट उरला होता.

एका रात्री जेवताना मी आनंदीबाई जोशींचा विषय काढला. एडिसनपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत रोझेल नावाचं गाव आहे. १८८३ साली बोटीने आलेल्या आनंदीबाई तिथे कार्पेंटर कुटुंबाकडे उतरल्या होत्या. वय अठरा. फिलाडेल्फियाच्या वुमेन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी त्या उन्हाळ्यात अर्जाचं पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण कदाचित बसणार नाही, हे त्यात सरळ मान्य केलं. का शिकायचंय तेही सांगितलं: आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलेली बाई होती ती. तिला संकट शोधायला हॅमस्टर आठवावा लागत नव्हता. डीन रेचेल बॉडली यांनी घेतलं, आणि १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या.

टेबलावर सगळे गप्प. कॉर्नेलवाल्या काकूही जेवायला होत्या. त्या म्हणाल्या, “हो, पण तेव्हा कॉम्पिटिशन कमी होती.”

आमच्या वेळी कॉलेजच्या फळ्यावर यादी लागायची. दोन टक्के कमी पडले की नाव नाही. क्रूर प्रकार, पण त्या फळ्याला माझ्या स्वभावाबद्दल काही म्हणायचं नव्हतं. इथे सगळा माणूस तोलतात, चारित्र्यासकट, आणि मग नको म्हणतात. ही ‘चारित्र्या’ची आवड कुठून आली तेही बघण्यासारखं आहे. १९२०च्या सुमारास हार्वर्डमध्ये नुसत्या परीक्षेवर ज्यू मुलं फार येऊ लागली. अध्यक्ष लॉवेल यांनी सरळ कोटा मागितला, प्राध्यापकांनी तो मानला नाही. मग काही वर्षांत अर्जात व्यक्तिमत्त्व आलं, चारित्र्य आलं आणि उमेदवाराचा फोटोही आला. पुढे शंभरेक वर्षांनी त्याच हार्वर्डवर खटला चालला, तेव्हा आशियाई मुलांना व्यक्तिमत्त्वाचे गुण सरासरीने कमी पडत असल्याचं कागदोपत्री दिसलं. खालच्या न्यायालयांनी हेतुपुरस्सर भेदभाव मानला नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचारच बंद केला. व्यक्तिमत्त्व मात्र चालू आहे.

आणि ज्याच्याकडे व्यक्तिमत्त्व नाही पण पैसे आहेत त्याच्यासाठी रिक सिंगर नावाचे गृहस्थ होते. पुढचं दार गुणांचं, मागचं दार भल्यामोठ्या देणगीचं, आणि आपण बाजूचं दार उघडतो असं ते गिऱ्हाइकांना सांगत. २०१९ साली ते उघडकीला आलं. पोरांची मुंडकी खेळाडूंच्या धडांवर चिकटवून फोटो पाठवले होते. हे वाचून मला आमच्या कॉपी पुरवणाऱ्यांविषयी आदर वाटला. ते निदान खिडकीपर्यंत स्वतः चढून जातात.

एका कॉलेजला भाचीने ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज केला होता. म्हणजे घेतलंत तर तुमच्याकडेच येईन, दुसरीकडे बघणार नाही. डिसेंबरात उत्तर आलं: डिफर्ड. हो नाही, नाहीही नाही. ताई कोसळली, पण मला ते पत्र ओळखीचं वाटलं. चार पोहे खाऊन गेलेल्या मंडळींकडून आमच्या घरीही ‘कळवतो’ असंच यायचं. पंचवीस वर्षं झाली, एका घरून अजून कळवायचं आहे.

बाकीचे निकाल मार्चअखेरीस, तिथल्या संध्याकाळी सातला. मी तोवर पुण्यात परतलो होतो. इथे पहाटेचे साडेचार. व्हिडिओ कॉलवर सगळे सोफ्यावर दाटीवाटीने, आणि भाची एकेक पान उघडत होती. नाही. नाही. वेटलिस्ट. नाही. पाचवं उघडायच्या आधी ती म्हणाली, “मामा, तू झोप ना.” मग स्वतःच हसली आणि वर निघून गेली. थोड्या वेळाने वरून ढोलाचा आवाज आला. झकास.

ती रटगर्सला गेली, घरापासून वीस मिनिटांवर. रूममेट कॅन्सस की कुठलीशी आहे, आणि तिला थालीपीठ आवडतं. ताई सावरली. काकूंनी दुसऱ्या वर्षी ट्रान्सफर घेण्याचे चान्सेस काढून दिले आहेत.

खरा बदल भावजींच्यात झालाय. पॉटलकमध्ये कोणी प्रिन्स्टनचं नाव काढलं की ते ताट खाली ठेवतात. रटगर्स १७६६ सालचं, अमेरिका देश व्हायच्या दहा वर्षं आधीचं, इथून सुरुवात. मग अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल सामना, ६ नोव्हेंबर १८६९, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. रटगर्स सहा, प्रिन्स्टन चार. भावजींनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही, पण हे सांगताना ते उभे राहतात. पुढच्याच आठवड्यात प्रिन्स्टनने रटगर्सला आठ-शून्यने धुतलं होतं, हे मी वाचलेलं आहे. बोलत नाही.