वन्स मोअरचे कमिशन

व्हॉडव्हिल, म्हणजे एकाच तिकिटात गाणे, नाच, जादू, नकला आणि जमल्यास कसरतही दाखवणारा अमेरिकी खेळ, बोलपटांपुढे टिकला नाही आणि 1932 साली न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटरही चित्रपटांच्या स्वाधीन झाले. हैदराबादच्या मराठी नकलाकारावर तीच पाळी आली ती मात्र राज्यपुनर्रचनेमुळे. उर्दूत फर्मावणारा तहसीलदार, तेलुगू हेलाचा भाजीवाला, ‘नक्को’ आणि ‘हौ’ या दोन शब्दांवर संसार रेटणारी दखनी शेजारीण आणि या तिघांचेही काही न कळणारा पुण्याचा जावई यांच्यात सुलतान बाजार-काचिगुड्याच्या गणेशोत्सवात एका उपरण्याच्या जोरावर भांडण लावून देणारा हा गृहस्थ. 1 सप्टेंबर 1956 रोजी 245 विमासंस्थांचे एक आयुर्विमा महामंडळ झाले, 1 नोव्हेंबरला एका हैदराबाद राज्याचे तीन राज्यांत वाटप झाले, मराठवाड्याबरोबर पहिल्या रांगेतले बरेच अंमलदारही गेले आणि उरलेल्या प्रेक्षकांना त्याने विमा एजंट होऊन घरोघर गाठले.

या धंद्यात त्याला कलेचा उपयोग होतो, पण बेताने होत नाही. नामनिर्देशन, म्हणजे विमेदाराच्या पश्चात रक्कम कोणाला द्यायची त्याचे नाव लिहून ठेवणे, समजावताना तो दमेकरी आजोबांचा आवाज काढतो, खोकल्याची उबळ नेमकी हप्त्याच्या आकड्यावर आणतो, यजमानीणबाई डोळ्यांना पदर लावतात आणि यजमान अर्ज पुढे ओढतात. परंतु इतक्यावर थांबणे रक्तातच नसल्याने तो आजोबांना तपासायला एक बहिरा हकीम आणतो, सारे घर पोट धरून हसते आणि सही राहून जाते.

तरीही त्याचे बस्तान बसते, कारण विमेदार हप्ते भरत राहिला की एजंटालाही दर वर्षी नूतनीकरणाचे कमिशन, म्हणजे त्या हप्त्यातला वाटा, मिळतो. वन्स मोअरला तेच पद त्याच बिदागीत पुन्हा म्हणणारे नट पाहिलेल्या माणसाला वन्स मोअरचे वेगळे पैसे देणारा मालक पहिल्यांदाच भेटतो. पुढे गणेशोत्सव मंडळाचा मोठा वर्गणीदार म्हणून तो मांडवात पहिल्या रांगेत बसतो, एखादा नवा नकलाकार विमा एजंटाची नक्कल करतो, तेव्हा सर्वांत मोठ्याने तोच हसतो आणि खेळ संपल्यावर त्या पोराला बाजूला घेऊन त्याचे वय विचारतो.