पथदर्शी साहेब

राज्यभर राबवावयाची योजना आधी एखाद्या गावात आजमावून पाहावी, हे कारभारातले जुने शहाणपण ज्यांनी नको तितक्या निष्ठेने अंगीकारले आहे, असे एक पथदर्शी साहेब बहुतेक जिल्ह्यांच्या मुख्यालयात आढळतात. त्यांच्या दप्तरात अपयशाची नोंद नाही. मात्र त्याचे इंगित योजनेत नसून गावाच्या निवडीत असते. ज्या गावास डांबरी सडक आहे, पाटाचे पाणी आहे, जेथील सरपंच पदवीधर असून त्यांचे विरोधक नोकरीनिमित्त पुण्यास असतात आणि जवळच्या विश्रामगृहाचा खानसामा कोंबडी उत्तम रांधतो, असे गाव साहेब उपवर कन्येच्या पित्याच्या चिकाटीने हुडकून काढतात. मग तेथे एका ग्रामसेवकाऐवजी तिघे, दिमतीस जीप आणि मुदतीपूर्वी अनुदान, असा सरंजाम लाभल्यावर योजना फसेल कशी? शिवाय यशाची कसोटी साहेब अहवाल लिहिण्याच्या दिवशी मुक्रर करतात. पुढे तीच योजना, तीन गावांस एक ग्रामसेवक या हिशेबाने, जिल्हाभर पसरून कोलमडते, तेव्हा साहेब बढतीवर अन्यत्र रुजू झालेले असतात.

भाषणात ते थोर दाखले देतात. १९४८ साली अल्बर्ट मेयर यांच्या प्रेरणेने इटावा जिल्ह्यातील महेवा येथे ग्रामविकासाचा प्रयोग झाला आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकासाचे ५५ प्रकल्प सुरू झाले, हे तारखेनिशी सांगतात. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात आजमावलेल्या रोजगाराच्या योजनेचेही नाव आदराने घेतात. परंतु तिचा कायदा होण्यास १९७७ साल उजाडले आणि दरम्यान १९७२ चा भीषण दुष्काळ येऊन गेला, एवढा मजकूर पाण्याचा घोट घेताना गळून पडतो.

एकदा एका नव्या तहसीलदाराने भीत भीत सुचवले, “साहेब, या खेपेस पावसाळ्यात वाट तुटणारे, दोन तटांचे एखादे गाव घ्यावे. योजना कोठे अडते, हे आधीच कळेल.”

“कळेल,” साहेब गांभीर्याने म्हणाले, “पण अडल्याचे वरिष्ठांस कळवण्याचा नमुना शासनाने विहित केलेला नाही.” आणि क्षणभर विचार करून त्यांनी हेडक्लार्कास फर्मावले, “तसा नमुना सुरू करण्याची तजवीज ठेवा. प्रायोगिक तत्त्वावर, आपल्या नेहमीच्या गावापुरती.”